विहीणबाईंवर माज किती ठेवावा

२ मार्च, रविवार

हरलो. म्हणजे मी नाही, काटेराव हरला. पण बापाची मान खाली जायची ती गेलीच.

चूक माझी. काटेराव हा माझा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम. मुलीच्या कॉलेजातली जुनी पुस्तकं रद्दीत जाता जाता वाचवली आणि तीन वर्षं डोकं खाजवत लिहिला. त्याच्या पोटात एक आकडा आहे, त्याचं नाव मी 'माज' ठेवलंय. समोरचा आपल्यापेक्षा कच्चा आहे, असं यंत्रानं किती धरून चालायचं, तो हा आकडा. माणसाशी खेळताना माज साठावर ठेवतो. मग काटेराव बरोबरी घेत नाही, वजिरावजिरी होऊ देत नाही, पटावर गर्दी ठेवतो आणि समोरचा कुठं घसरतोय याची वाट बघत बसतो. माणूस घसरतोच.

पण रविवारी इंटरनेटवर आमच्यासारख्या हौशी लोकांच्या यंत्रांचे आपसात सामने असतात. तिथं माज शून्यावर हवा. यंत्र कसलं घसरतंय? त्याच्यापुढं माज म्हणजे भिंतीला टक्कर.

काल मी स्वतः काटेरावशी खेळलो, आकडा साठावरच राहिला. समोर होतं एका बेकरीवाल्याचं यंत्र. त्यानं आज तीच तीच खेळी करून बरोबरीचा हात पुढं केला. आमचे साहेब कसले घेतात! वाकडी वाट करून गेले आणि हत्ती घालवून बसले.

बेकरीवाल्याचा निरोप: "अर्धा पाव देत होतो. तुमच्या चिरंजीवांना अख्खाच हवा होता."

चाळीस वर्षं दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त केले. काटा शून्यावर आणल्याशिवाय पारड्यात कधी काही ठेवलं नाही. आणि घरचाच विसरलो.

३ मार्च, सोमवार

विहीणबाईंना आमच्याकडे येऊन आज चार आठवडे झाले. जावयाची आई. जानेवारीत मेंदूत बारीकशी गुठळी झाली, शब्द सापडेनात, उजवा हात ऐकेना. आता चालतात, बोलतात, मला चिडवतात, म्हणजे गाडी रुळावर आली म्हणायची. हाताच्या व्यायामाचा दवाखाना आमच्या मागच्याच गल्लीत. मुलगी आणि जावई दोघंही पाळ्यांच्या नोकरीतले. म्हणून जावयानं त्यांना इथं आणून ठेवलं. "आई, डोकं पहिल्यासारखं चालतंय याची खात्री होईपर्यंत एकटीनं राहायचं नाही." त्यांचं स्वतःचं घर तीन तासांवर, कुलूप लावलेलं. व्याही जाऊन दोन वर्षं झाली.

छापखान्यात तीस वर्षं प्रुफं तपासलेली बाई. आल्या दिवशी आमच्या कॅलेंडरातली चूक काढली. दुसऱ्या दिवशी औषधाच्या खोक्यावरची. माझ्या बोलण्यातल्या रोज निघतात.

आज दुपारी म्हणाल्या, "व्याहीबुवा, तुमचं यंत्र माणसांशी खेळतं, की फक्त आपल्या भाऊबंदांशी?"

बसवलं समोर. बऱ्या खेळल्या. विसाव्या खेळीनंतर घोडा पुढं-मागं, पुढं-मागं करून बरोबरी मागितली. काटेरावनं ढुंकून पाहिलं नाही. एकतिसाव्या खेळीला मात.

"उद्धट आहे," विहीणबाई म्हणाल्या. "कुणावर गेलाय?"

स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "घरात दुसरं आहे कोण?"

४ मार्च, मंगळवार

पुन्हा हरल्या. छोट्या वहीत तारीख घालून लिहिलं — 'हार'. अक्षर अजून थोडं कापतं.

मला मात्र जेवण गोड लागलं नाही. मुलीची सासू, पाहुणी म्हणून घरात राहिलेली, आणि तिच्यावर माज साठ! मुलीचं लग्न ठरताना बैठकीत मी यांच्यापुढं खुर्चीला पाठसुद्धा टेकली नव्हती.

आकडा शून्यावर आणला.

६ मार्च, गुरुवार

शून्यावरही हार. पण चव्वेचाळीस खेळ्या टिकल्या.

शून्याच्या खाली उतरायचं ठरवलं. माज उणे केला की यंत्राला वाटतं, समोरचा आपल्याहून भारी. मग ते बरोबरीसाठी हात जोडून उभं राहतं, जिंकत असलं तरी. याला काय म्हणायचं? 'उणे माज' कानाला बरं लागेना. भाजी निवडता निवडता हिनंच सुचवलं: "मुरवत म्हणा की. तुम्हाला माझ्या माहेरच्यांपुढं असते ती."

मुरवत ऐंशी.

८ मार्च, शनिवार

बरोबरी! विहीणबाईंनी वहीत लिहिलं.

९ मार्च, रविवार

आज आठवणीनं आकडा शून्यावर आणला. बेकरीवाल्याशी बरोबरी. दोन सभ्य गृहस्थ दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभे राहावेत तसा डाव. ही मागं उभी राहून बघत होती.

"कोण जिंकलं?"

"कुणीच नाही."

"मग सकाळपासून काय चाललंय?"

यंत्रायंत्रांच्या डावात समोरच्याला फसवायचं नसतं, घाबरवायचं नसतं, त्याच्या मनात काय आहे हेही ओळखायचं नसतं. नुसतं खरं खेळायचं. कुणाला बघायला मजा येत नाही. माणसांशी खेळायला लागलं की हे सगळं लागतं, मग खरेपणा थोडा बाजूला ठेवावा लागतो.

११ मार्च, मंगळवार

मुरवत एकशेवीस. शिवाय काटेराव पुढच्या खेळ्या बघतो त्यातल्या चार कमी केल्या. म्हणजे घोड्याला झापडं लावली.

विहीणबाई जिंकल्या. मी टाळी वाजवली. जरा जास्तच जोरात वाजली. त्या पटाकडे बघत राहिल्या. मग वहीत 'जीत' लिहिलं आणि दीर्घ वेलांटी पुन्हा गिरवली.

१३ मार्च, गुरुवार

आज पायाखालची वाळू सरकली.

चहाच्या वेळी विहीणबाईंनी ती छोटी वही माझ्यापुढं सरकवली. हार, हार, हार, बरोबरी, बरोबरी, जीत, जीत.

"डॉक्टर नुसते विचारतात, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा. एवढ्यानं काय कळतंय? म्हणून मी तुमच्या यंत्रावर माझं डोकं मोजतेय. मुलाला सांगितलंय. पंधरवड्यात सुधारणा दिसली तर मी माझ्या घरी. नाही दिसली, तर डॉक्टर सांगतील तोवर तुमच्या गळ्यात."

मी म्हटलं, "वा!" दुसरं काय म्हणणार?

"माणसाचं काही सांगता येत नाही. पाहुणी म्हणून हरायचा. यंत्राला त्याचं काय! रोज तेच असतं ना ते? तुम्ही त्यात काही करत नाही ना?"

मी चहाचा घोट घेतला. "तेच असतं."

ही बिस्किटांचा डबा बंद करत होती. त्याचं झाकण बराच वेळ बसत नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार

एकदा एका किराणावाल्याच्या पारड्याखाली चिकटवलेलं नाणं निघालं होतं. 'राहू द्या, ओळखीत आहे' म्हणाला. मी नाणं खरवडून त्याच्या हातात ठेवलं आणि पुन्हा त्या दुकानात पाऊल टाकलं नाही. तेव्हा मी पंचविशीतला होतो, ताठ होतो.

आता माझ्याच पारड्याखाली नाणं. विहीणबाई खोट्या वजनावर विसंबून एकट्या घरी जाणार. तिथं पुन्हा काही झालं, फोनपर्यंत हात पोचला नाही, तर? आणि कारण काय, तर मला त्यांच्यापुढं उद्धट दिसायचं नव्हतं.

हिला सांगितलं. म्हणाली, "मला काय सांगता? ज्यांचं वजन केलंत त्यांना सांगा."

१५ मार्च, शनिवार

सांगितलं. सगळं. माज साठ, मग शून्य, मग मुरवत ऐंशी, एकशेवीस, झापडं. आकडे कागदावर लिहूनच नेले होते.

विहीणबाईंनी कागद वाचला. पेन घेतलं. मला वाटलं, सगळ्यावर काट मारतात आता. त्यांनी 'मूरवत'मधला 'मू' ऱ्हस्व केला.

"म्हणजे मी सुधारले नाही. तुम्ही मला सुधारून घेतलंत."

"माफ करा."

"मला त्या यंत्राचा राग नव्हता आला, व्याहीबुवा. त्यानं मला खरोखर हरवलं होतं. दोन वर्षांत माझ्याशी कुणी भांडलंसुद्धा नाही. जो तो मुरवत दाखवतो." मग म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांचे काटे तपासलेत ना? मग माझं एक वजन नीट करून द्या. काय निघेल ते निघेल. पारड्यावर बोट ठेवायचं नाही."

मी कान पकडले. त्या हसल्या नाहीत. पण संध्याकाळच्या चहाला 'उद्धटाचे वडील कुठं गेले' अशी चौकशी केली, तेव्हा जीव भांड्यात पडला.

१७ मार्च, सोमवार

युक्ती सापडली. काटेरावनं विहीणबाईंशी खेळायचंच नाही, नुसतं वजन करायचं. तो शून्यावर ठेवायचा, माज नाही, मुरवत नाही, रविवारी यंत्रांसाठी असतो तसा. मग माणसाची प्रत्येक खेळी त्याच्यापुढं ठेवायची. सर्वांत चांगली खेळी कोणती होती आणि याच्या हातून किती सांडलं, ते तो सांगेल. एक प्यादं म्हणजे मी शंभर ग्रॅम धरलेत. दर खेळीला सरासरी किती ग्रॅम सांडलं, तो त्या माणसाचा आकडा.

जुना आकडा काढायला जुने डाव हवेत. विहीणबाई म्हणाल्या, आहेत. व्याही असताना रोज संध्याकाळी एक डाव व्हायचा आणि त्या टिपून ठेवायच्या. बारीक अक्षरातली वही त्यांच्या बॅगेतच होती. घर बंद करून येताना माणूस काय काय घेऊन येतं.

१९ मार्च, बुधवार

दोन दिवस जुने डाव कॉम्प्युटरवर चढवतोय. चाळीस निवडले. समासात शेरे आहेत. 'चहा सांडला म्हणून डाव मोडला — मुद्दाम.' 'हे माझ्या उंटाकडे न बघता माझ्याकडे बघत होते, म्हणून हरले.' एका ठिकाणी व्याह्यांच्या अक्षरात: 'खोटं आहे.'

शेवटच्या डावापुढं काहीच शेरा नाही. तो अर्धाच आहे. मी तो मोजणीत घेतला नाही.

२० मार्च, गुरुवार

नवे दहा डाव विहीणबाई माझ्याशी खेळणार. जुने माणसाशी झाले, तर नवेही माणसाशीच हवेत. आज तीन झाले. तिन्ही हरलो. मुरवत नाही, देवाशपथ. येतच नाही मला.

ही म्हणते, "लोकांना बुद्धिबळात हरवणारं यंत्र बनवलंत, थोडं स्वतःत पण बसवायचं."

२२ मार्च, शनिवार

आज खडाजंगी.

सहाव्या डावात विहीणबाईंनी घोडा सरळ माझ्या प्याद्याच्या तोंडी दिला. मी दचकलो. यात काहीतरी डाव असणार म्हणून घेतला नाही, राजा बाजूला केला आणि पाच खेळ्यांत गारद झालो. नंतर काटेरावनं वजन केलं, तर त्या घोड्याच्या खेळीवर लाल आकडा. दोनशे नव्वद ग्रॅम सांडले! घोडा घेतला असता तर विहीणबाई सपशेल हरत होत्या.

"चूक?" विहीणबाई खुर्चीतून पुढं आल्या. "चूक कशी? तुम्ही घोडा घेणार नाही, हे मला ठाऊक होतं."

"पण घेतला असता तर?"

"तुम्ही? दुकानात फुकट कॅलेंडर दिलं तरी उलटून बघता, मागं काय लिहिलंय म्हणून."

"यंत्र धरून चालतं की समोरचा सर्वांत चांगली खेळी करणार."

"म्हणजे त्याला वाटतं, समोर यंत्रच बसलंय. इथं तुम्ही बसला होतात. त्याला सांगा तसं."

बरोबर बोलत होत्या. हेच तर ते माजाचं गणित. समोर कोण बसलंय ते ओळखून खेळायचं. मी तीन वर्षं काटेरावला शिकवतोय आणि आकड्याशिवाय त्याला काही कळत नाही. या बाईंना समोरचा चेहरा पुरतो.

ही दारातून म्हणाली, "मग विहीणबाईंचा यांच्यावर माज किती भरला?"

"मोजायला काटा लहान पडेल," विहीणबाई म्हणाल्या. तिघंही हसलो. मग दोघी भाजी आणायला म्हणून गेल्या, त्या दीड तासानं आल्या. भाजी विसरून.

ते दोनशे नव्वद मात्र मी मोजणीतून काढले नाहीत. बोट नाही म्हणजे नाही.

२५ मार्च, मंगळवार

दहा डाव पुरे झाले. आठ त्यांचे, एक बरोबरी, एक माझा. तोही त्यांना शिंका आल्या म्हणून.

सकाळी नऊ वाजता काटेरावला बसवलं. दोनदा मोजलं. जुना आकडा एक्केचाळीस ग्रॅम. नवा एकोणचाळीस. तो घोडा धरूनसुद्धा! गुठळीनं काहीएक नेलेलं नाही. उलट दोन ग्रॅम बाई सुधारल्यात.

(माझा आकडा कुणी विचारला नव्हता. काटेरावनं तरी सांगितला. एकशेसहा.)

धावत जाऊन सांगितलं. विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कागद खालीवर दोनदा वाचला. एखादी चूक मिळतेय का बघत असाव्यात. मिळाली नाही.

"छान झालं," म्हणाल्या.

जावयाला फोन मीच केला. तोही खूश. "बाबा, तुमचे उपकार झाले. आई घराचा किती ध्यास घेऊन बसली असेल! शुक्रवारी सकाळी न्यायला येतो."

चाळीस वर्षांत एवढं चोख वजन कुणाचं करून दिलं नसेल. छाती भरून आली.

२६ मार्च, बुधवार

विहीणबाईंनी बॅग भरली. आज डाव नको म्हणाल्या. दुपारभर खिडकीशी बसल्या होत्या. हिनं दोनदा चहा केला, दोनदा निवला. प्रवासाचं दडपण असेल.

जाताना एक प्रत द्यावी म्हणून काटेराव एका पेन ड्राइव्हवर घालून ठेवला. घरी खेळायला होईल.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी पेन ड्राइव्ह हिला दाखवला. हिनं हातातली कणीक परातीत टाकली.

"तुम्ही आणि तुमच्या चिरंजीवांनी मिळून त्यांना पास केलंत. त्यांना नापास व्हायचं होतं. त्या रिकाम्या घरात कुणाला जायचंय? पण कारणाशिवाय व्याह्यांच्या घरी माणूस राहणार कसं? आणि मागणार कुणाकडे?"

मी तसाच विहीणबाईंच्या खोलीत गेलो. बॅग दाराशी होती. म्हटलं, माझी चूक झाली. दहा डावांवर कुणाचं वजन होत नसतं. निदान शंभर लागतात. आणि दिवसाला एकच. जास्त खेळलं की काटा खोटं दाखवतो.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. एवढा वेळ त्यांनी पटाकडेही कधी बघितलं नसेल.

"म्हणजे नव्वद राहिले," म्हणाल्या. "दहा झालेत ना?"

"ते धरायचे नाहीत. पहिल्यापासून."